नवीन फ्लॅटमधला रंगाचा-प्लायचा वास कसा घालवायचा

ताबा मिळाला, फर्निचर झालं की लगेच राहायला जायची घाई करू नका, विशेषतः घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर. रंगाचा वास त्यामानाने लवकर जातो, खरा चिवट असतो तो प्लाय आणि एमडीएफचा (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड), कारण त्यातल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा झोंबणारा गॅस महिनोन्महिने सुटत राहतो आणि उष्णता, दमटपणा वाढला की जास्तच, म्हणजे आपल्या मुंबईत तर विचारूच नका.

सगळ्यात आधी वॉर्डरोबची दारं आणि ड्रॉवर सताड उघडे ठेवा, समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे आणि किचनचा एक्झॉस्ट चालू करा. ड्रॉवरचा तळ, शेल्फची मागची कड हात फिरवून बघा, खरखरीत कच्चं लाकूड लागलं तर सुताराकडून तिथे लॅमिनेट नाहीतर एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) लावूनच घ्या, वास जास्त तिथूनच येतो. एसी लावून भागत नाही हो, स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतो. धूप-अगरबत्तीने तर उलट धूर वाढतो. प्युरिफायर घ्यायचाच तर भरपूर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवाला घ्या, नुसता हेपा फिल्टर धूळ पकडतो, गॅस नाही.

काम अजून व्हायचं असेल तर ई-झिरो प्लाय (फॉर्माल्डिहाइड अगदी कमी सोडणारा) आणि लो-व्हीओसी रंगच (हवेत उडणारी रसायनं कमी असलेले) मागा. डोळे चुरचुरत राहिले, खोकला थांबेना तर डॉक्टरांना दाखवा.