घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गाडीसाठी लेड-ॲसिड बॅटरी निवडताना या चुका टाळा

गाडी तयार होते, पहिली फेरी झोकात होते आणि तीन-चार महिन्यांत तीच गाडी निम्म्या वाटेवर दम टाकू लागते. मग आधी कंट्रोलरवर (बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या भागावर) संशय, नंतर मोटरवर. मी स्वतःच्या दोन आणि मित्रांच्या बऱ्याच गाड्यांच्या बॅटऱ्या तपासल्या आहेत. बहुतेक वेळा घोळ बॅटरी विकत घेतानाच झालेला असतो: बॅटरीवर छापलेला आकडा बघून खरेदी केलेली असते, आपली गाडी किती करंट ओढणार याचा हिशेब मात्र कोणी केलेला नसतो.

कारची बॅटरी गाडी ओढायला लावणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि माझ्या पहिल्या दुचाकीत मीही केली. 48 व्होल्टसाठी कारच्या चार नव्याकोऱ्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक अशा ओळीने, जोडल्या. पहिले काही आठवडे गाडी छान पळाली. मग अंतर घटत गेले. एका बॅटरीचे बूच उघडून हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) ॲसिड ओढले, तर काचेच्या नळीत पाण्यासारख्या स्वच्छ ॲसिडऐवजी गढूळ तपकिरी द्रव आला. तो तपकिरी गाळ म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटवरून सुटलेला लेड डायऑक्साइड. गाडीला करंट देणारा मालच प्लेटवरून गळून तळाशी बसला होता.

कारच्या बॅटरीचे काम वेगळे आहे. इंजिन सुरू करताना ती काही सेकंद शेकडो ॲम्पियर देते, तेवढ्यात तिचा अगदी थोडा चार्ज खर्च होतो आणि अल्टरनेटर तो लगेच भरून काढतो. एवढ्या झटक्यासाठी तिच्यात पातळ, सच्छिद्र आणि संख्येने जास्त प्लेटा असतात. अशी बॅटरी रोज 70-80 टक्के उतरवली तर काही डझन फेऱ्यांत ती संपते. डीप सायकल किंवा ट्रॅक्शन बॅटरीत, म्हणजे खोलवर उतरवून वापरायच्या बॅटरीत, प्लेटा कमी पण जाड असतात, त्यावरचा लेप घट्ट असतो आणि रोजचे उतरणे-चढणे त्या शेकडो वेळा सोसतात.

ओळखायचे कसे? लेबलवर ठळकपणे सीसीए, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करण्याचा करंट, छापला असेल तर ती बॅटरी त्याच कामासाठी आहे. एकाच आकाराच्या दोन बॅटऱ्या उचलून पाहा. जी जड, तिच्यात बहुधा शिसे जास्त. बोटींसाठी विकल्या जाणाऱ्या 'ड्युअल पर्पज' बॅटऱ्या मधल्या वाटेच्या असतात, गाडीसाठी मी त्या घेणार नाही. गोल्फ कार्टच्या 6 किंवा 8 व्होल्टच्या बॅटऱ्या मात्र मुळातच वाहन ओढायला बनवलेल्या असतात. घरगुती बांधणीसाठी माझी पहिली पसंती त्यांनाच.

100 एएच म्हणजे 100 एएच मिळणार असे धरून चालणे

एएच म्हणजे ॲम्पियर-अवर, किती ॲम्पियर किती तास मिळतील याचे माप. लेबलवरचा एएच आकडा बहुतेक वेळा 20 तासांचा असतो. म्हणजे 100 एएचची बॅटरी 5 ॲम्पियरने 20 तास चालेल, एवढाच त्याचा अर्थ. गाडी 5 ॲम्पियरवर चालत नाही. करंट वाढला की ॲसिडला प्लेटच्या आतपर्यंत मुरायला वेळ मिळत नाही आणि हाती येणारी क्षमता घसरते. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये याचे सूत्र मांडले, आजही आपण तेच वापरतो. त्यातला घातांक लेड-ॲसिडसाठी साधारण 1.1 ते 1.3 असतो. 1.2 धरून हिशेब केला तर 100 एएचची बॅटरी 50 ॲम्पियरला सुमारे 63 एएच देते आणि 100 ॲम्पियरला जेमतेम 55. म्हणजे तासभर नाही, तर साधारण 33 मिनिटे.

त्यातही बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. 80 टक्के वापरून थांबलो तर 55 पैकी 44 एएच. 48 व्होल्टच्या पॅकवर (जोडलेल्या बॅटऱ्यांच्या संचावर) कागदोपत्री 4.8 किलोवॉट-अवर दिसत होते, रस्त्यावर सुमारे 2 हाती लागले. हलकी चारचाकी किलोमीटरला 100 वॉट-अवर खात असेल तर ती 20 किलोमीटर जाईल, 48 नाही. हा हिशेब खरेदीच्या आधी वहीत मांडला तर पुढचा मनस्ताप वाचतो.

त्यामुळे दुकानात एएच विचारण्यापेक्षा मिनिटे विचारा. गोल्फ कार्टच्या बॅटऱ्यांवर 75 ॲम्पियरला किती मिनिटे चालेल हे दिलेले असते. तो आकडा गाडीच्या कामाच्या फार जवळ जातो. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) 5 तासांची आणि 1 तासाची क्षमता असेल तर तीच तुलनेला घ्या. दोन कंपन्यांपैकी एकीचा आकडा 20 तासांचा आणि दुसरीचा 5 तासांचा असेल, तर कमी एएचवाली बॅटरी प्रत्यक्षात सरस निघू शकते.

आपल्या गाडीचा करंट अंदाजाने ठरवू नका. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या केबलवर लावून सपाट रस्ता, चढ आणि सुटतानाचा झटका असे तिन्ही मोजा. कंट्रोलरवर लिहिलेला करंट अनेकदा मोटरकडचा असतो. कमी वेगात बॅटरीकडचा करंट त्याहून बराच कमी असतो, म्हणून मोजमाप बॅटरीच्याच केबलवर करायचे.

अंतर कमी पडले की बॅटऱ्या वाढवत जाणे

लेड-ॲसिड किलोला साधारण 30 ते 40 वॉट-अवर साठवते. जनरल मोटर्सची 1996 ची ईव्ही1 ही कार मुळापासून इलेक्ट्रिक म्हणून हलकी बनवलेली होती, तरी तिच्या लेड-ॲसिड पॅकचे वजन 500 किलोच्या वर होते. आपण जुन्या सांगाड्यात बॅटऱ्या बसवतो, तेव्हा प्रत्येक नवी बॅटरी स्वतःचेच वजन ओढण्यात आपली काही शक्ती खर्च करते. स्प्रिंग, ब्रेक, टायर आणि ॲक्सल यांना किती भार झेपतो हे आधी बघा. माझे मत स्पष्ट आहे: रोजचा प्रवास लेड-ॲसिडच्या आवाक्याबाहेर असेल तर ही बॅटरी त्या गाडीसाठी नाही. आवाक्यात असेल तर ती भरवशाची आहे आणि दुरुस्तीलाही सोपी.

जमेल तशा बॅटऱ्या एकत्र करणे

एक मित्राची, दोन जुन्या, बाकी नव्या, असा पॅक चालत नाही. सिरीजमध्ये सगळ्यांतून तोच करंट जातो, त्यामुळे पॅक सगळ्यात अशक्त बॅटरीइतकाच चालतो. खरा धोका त्यापुढे आहे, आणि तो पॅकच्या एकूण व्होल्टेजवरून दिसत नाही.

उदाहरण घ्या. 12 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, 72 व्होल्टचा पॅक. प्रत्येकी 10.5 धरून कंट्रोलर 63 व्होल्टला बंद होईल असे ठरवले आहे. चढावर पाच बॅटऱ्या 11.6 वर आहेत आणि सहावी 7 व्होल्टपर्यंत कोसळली आहे. बेरीज 65. कंट्रोलरला सगळे आलबेल वाटते आणि तो करंट ओढत राहतो. त्या सहाव्या बॅटरीतला एखादा सेल मात्र आतापर्यंत रिकामा होऊन उलटा चार्ज होऊ लागलेला असतो. असे काही वेळा झाले की तो सेल कायमचा जातो.

म्हणून सगळ्या बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि शक्यतो एकाच तारखेच्या घ्या. दुकानातच मल्टीमीटरने प्रत्येक बॅटरी मोजा. पूर्ण चार्ज झालेली द्रव ॲसिडची 12 व्होल्टची बॅटरी शांत असताना, म्हणजे चार्ज किंवा वापर चालू नसताना, 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.4 च्या खाली असलेली किंवा बाकीच्यांपेक्षा 0.1 हून जास्त फरक असलेली बाजूला ठेवायला सांगा. नवी असली तरी ती बराच काळ पडून राहिलेली असू शकते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. घरी आणल्यावर पॅक जोडण्याआधी एकेक बॅटरी वेगळी चार्ज करा, तिच्यावर नंबर टाका आणि वहीत नोंद ठेवा.

अंतर घटले तर तपासायची रीत अशी. पूर्ण चार्ज करा, काही तास शांत ठेवा, प्रत्येकीचे व्होल्टेज लिहा. मग प्रत्येक बॅटरीवर व्होल्टमीटर जोडून सोबतच्या माणसाला आकडे वाचायला सांगा आणि गाडी एखाद्या चढावर न्या. शांत असताना सगळ्या सारख्या दिसतात, लोडवर आजारी बॅटरी लगेच वेगळी पडते. बूच उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. पाच 1.265 च्या आसपास आणि एक 1.200 असेल तर निदान झाले.

आणखी एक सवय पॅकचा तोल घालवते: हॉर्न आणि दिव्यांसाठी पॅकमधल्या एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढणे. ती बॅटरी रोज बाकीच्यांपेक्षा जास्त उतरते आणि तिच्यापासूनच पॅक कोसळायला लागतो. पूर्ण पॅकवर डीसी-डीसी कन्व्हर्टर (पॅकचे व्होल्टेज 12 वर आणणारे उपकरण) लावा.

चार्जर नंतर बघू म्हणणे

बॅटरीचा प्रकार आणि चार्जर एकत्रच ठरवायचे असतात. 12 व्होल्टच्या ॲसिडवाल्या (द्रव ॲसिड असलेल्या) बॅटरीला साधारण 14.4 ते 14.8 व्होल्ट लागतात, जेलला (ॲसिड जेलीसारखे घट्ट केलेल्या बंद बॅटरीला) 14.1-14.2 च्या आसपास. जेलला जास्त दिले तर आत बुडबुड्यांच्या पोकळ्या होतात आणि त्या भरून येत नाहीत. इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले चार्जिंग, फक्त ॲसिडवाल्यांसाठी. करंट 20 तासांच्या क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवला की ॲसिडची बॅटरी नीट भरते. अचूक आकडे त्या मॉडेलच्या डेटाशीटवरून घ्या.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला. आधी घातले तर चार्ज होताना ॲसिड फुगून बाहेर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतके घाला. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत 4 टक्के साठला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून ॲसिडवाल्या बॅटऱ्या माणसे बसतात त्या भागात मोकळ्या ठेवायच्या नाहीत. झाकणबंद पेटी, वरच्या बाजूने बाहेर नेलेली नळी आणि चार्जिंगच्या वेळी पंखा हवाच.

टर्मिनल विसरणे

एकदा मी एका गाडीचे टर्मिनल बघितले, त्याचा शिशाचा खांब एका बाजूने मेणासारखा ओघळला होता. बॅटरी ठणठणीत होती, फक्त नट ढिला होता. 100 ॲम्पियरला सांध्यात 0.01 ओहम जरी आला तरी तिथे 100 वॉट उष्णता तयार होते. पॅक जोडल्यावर पहिल्या फेरीनंतर इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक टर्मिनलवर धरा. एखादे शेजाऱ्यापेक्षा गरम लागले तर मुख्य डीसी फ्यूज काढा, ते थंड होऊ द्या, लग (केबलच्या टोकाची कडी) उघडून तारेच्या ब्रशने चकचकीत करा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. त्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा लावा आणि पान्याच्या दांड्याला पूर्ण लांबीभर इन्सुलेशन टेप गुंडाळा.