बुरशी लागलेली गादी आतपर्यंत कशी वाळवावी

नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये गादी उलटून पाहिली, तर पुष्कळ घरांत पलंगाच्या फळीला टेकलेल्या बाजूवर काळपट ठिपके दिसतात. झोपलेल्या माणसाच्या अंगची ऊब आणि घामाची वाफ गादीतून खाली उतरते, खालची फळी किंवा फरशी त्या मानाने थंड असते, तेथे हवा खेळत नाही, आणि बुरशीला तेवढे पुरते. ठिपके पुसणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. गादी आतपर्यंत वाळवणे मात्र पावसाळ्यात फार कठीण जाते, आणि बहुतेक लोक नेमके तेच अर्धवट सोडतात.

गादी ठेवायची की टाकायची, हे आधी ठरवावे. कापसाच्या गादीवर एका बाजूला ठिपके असतील तर ती वाचते. फोमच्या गादीची खोळ काढल्यावर फोमवरच डाग दिसले, तर ती टाकावी, कारण फोमच्या आतील छिद्रांपर्यंत कोणतेही फडके पोहोचत नाही. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असल्यास शंकेचा फायदा गादीला देऊ नये. पुराच्या पाण्यात भिजलेली गादी तर कधीच ठेवू नये. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तसल्या पाण्यात गटाराची घाण मिसळलेली असते आणि ती उन्हाने जात नाही.

स्वच्छतेसाठी गादी गच्चीवर न्यावी, एन-९५ मास्क लावावा, कोरड्या ब्रशने बुरशी झटकावी आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने डाग पुसावेत. जवळपास आग किंवा पेटती उदबत्ती नसावी. खोलीत गादी झटकल्यास बुरशीचे बीजाणू पडद्यांवर आणि कपड्यांवर बसतात. ब्लीचचे पाणी ओतण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो चुकीचा आहे: ब्लीच पृष्ठभागावरच खर्ची पडते, त्यातील पाणी मात्र कापसात खोल उतरते. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बुरशी मेल्यावरही फिकट डाग राहतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा घासत बसू नये.

आता वाळवण्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास माझ्या चार इंची कापसाच्या गादीला बुरशी लागली होती. ती पुसून मी दोन दिवस दुपारच्या उन्हात ठेवली, तळहात लावून पाहिला, गादी कडक, गरम आणि कोरडी लागली, म्हणून लगेच चादर घालून वापरायला घेतली. बाराव्या दिवशी तोच कुबट वास आला आणि ठिपके त्याच जागी परत आले. शिवण उसवली तेव्हा मधल्या थरातील कापूस गोळे होऊन चिकटलेला आणि हाताला गार लागत होता. उन्हाने वरचा अर्धा-एक इंच थर तापतो आणि वाळतो, पण आतली काही वाफ बाहेर येण्याऐवजी खालच्या गार बाजूकडे सरकते आणि तेथेच मुरते. शिवाय कापूस हवेतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळे संध्याकाळी गच्चीवर राहिलेली गादी दिवसभराची कमाई गमावून बसते. म्हणून तळहातावर कधीही विश्वास ठेवू नये. तो फक्त वरच्या थराची बातमी देतो.

गादी फरशीवर किंवा कठड्यावर न टाकता दोरीच्या बाजेवर टाकावी, म्हणजे खालूनही वारा लागतो. सकाळी दहानंतर ती बाहेर काढावी, दर तासाला उलटावी आणि दुपारी चारच्या आत घरात आणावी. लॅटेक्स किंवा मेमरी फोमची गादी मात्र कडक उन्हात ठेवू नये, तिचा फोम भुरभुरतो. तिला सावलीत, वाऱ्यावर उभी करावी. आत आणलेली गादी रात्रभर भिंतीपासून दूर, पंख्यासमोर उभी ठेवावी. सतत पाऊस सुरू असल्यास खिडक्या उघडून पंखा लावण्यात अर्थ नाही, कारण बाहेरची ओली हवाच गादीवर येते. अशा वेळी खोली बंद करून एसी ‘ड्राय’ मोडवर चालवावा. हीटर किंवा इस्त्री वापरू नये. कापूस आतल्या आत धुमसतो आणि आग उशिरा कळते.

गादी वाळली हे कसे ओळखावे, तर वजनाने. माणसांच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग गादीची वळकटी घेऊन उभे राहावे आणि फरक लिहून ठेवावा. रोज चार वाजता, गादी आत आणताना, हेच करावे. सलग तीन दिवस आकडा बदलला नाही, की गादी वाळली असे समजावे. ज्या गादीला मी कोरडी समजलो होतो, ती पुन्हा वाळवताना तिचे वजन नऊ दिवसांत आणखी सव्वा किलोने उतरले. तेवढे पाणी तिच्या पोटात होते. आठवड्यानंतरही वजन हळूहळू उतरतच असेल, तर शिवण उसवून कापूस चादरीवर पातळ पसरून वाळवावा, काळे गोळे फेकून द्यावेत, आणि मगच तो पिंजाऱ्याकडे द्यावा. त्याला बुरशीची कल्पना आधीच द्यावी, म्हणजे तो नाकाला फडके बांधेल. ही साधी माणुसकी आहे.

बुरशी परत येऊ नये यासाठी नागपूरकरांनी सर्वांत आधी कूलरकडे पाहावे. मे महिन्यातील कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, पण जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाल्यावर तो गारवा फारसा देत नाही, फक्त खोलीत ओल भरतो. तेव्हा पंप बंद करावा, टाकी रिकामी करावी आणि नुसता पंखा चालवावा. खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. ती मोजणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. दिवाणाच्या प्लायला सहा-सहा इंचांवर भोके पाडून घ्यावीत आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार इंच दूर सरकवावा. नव्या गादीवरचे प्लॅस्टिक घाण लागेल या भीतीने न काढणे ही तर मोठी चूक आहे, कारण घामाची वाफ त्याखालीच अडकते. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला ओल शोषत नाहीत, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. सकाळी उठल्याबरोबर चादर ताणून पलंग झाकण्याऐवजी पंखा लावून गादी तासभर उघडी ठेवावी. दिवाणात रचून ठेवलेल्या पाहुण्यांच्या गाद्याही मे महिन्यात तीन दिवस गच्चीवर न्याव्यात, कारण वर्षभर कोणी न उघडलेल्या त्या कप्प्यातूनही बुरशी बाकीच्या अंथरुणावर येते.