शॉर्ट करण्यापूर्वी प्राइस बँड पाहावा
इंट्राडेमध्ये, म्हणजे एकाच दिवसात मिटवायच्या व्यवहारात, शॉर्ट केलेला (हातात नसताना आधी विकलेला) शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल भावमर्यादेला, लागला, की समोर विक्रेताच उरत नाही आणि शेअर परत विकत घेऊन सौदा कापता येत नाही. ब्रोकरकडून दुपारी सव्वातीनच्या सुमारास होणारे आपोआप स्क्वेअर ऑफही (सौदा मिटवणे) अशा वेळी कामाचे नसते.

म्हणून ऑर्डर टाकण्यापूर्वी एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर त्या शेअरच्या पानावरचा प्राइस बँड, म्हणजे दिवसभरात भाव किती टक्के वर-खाली जाऊ शकतो ती मर्यादा, पाहावा. तिथे 2, 5, 10 किंवा 20 टक्के असा आकडा दिसला, तर तो शेअर, कितीही कमकुवत वाटला तरी, सोडून द्यावा. ज्यांचे फ्युचर्स आणि ऑप्शन्स (पुढच्या तारखेचे करार) चालतात, त्या शेअरना अशी पक्की मर्यादा नसते, भाव 10 टक्क्यांच्या जवळ गेल्यावर ती सरकवली जाते. शॉर्टसाठी त्यांतूनच निवड करावी. विक्री होताच स्टॉपलॉसही (तोटा मर्यादित ठेवणारी ऑर्डर) लावावा, उदाहरणार्थ 500 रुपयांना विकले असल्यास 505 च्या ट्रिगरने (ज्या भावाला ही ऑर्डर सुरू होते), आणि तो खरेदीचा असावा. घाईत नेमकी इथेच गल्लत होते.

एवढे करूनही सौदा उघडा राहिला, तर देणे असलेले शेअर एक्स्चेंज लिलावातून घेते आणि तिथला चढा भाव, दंडासह, विकणाऱ्याच्याच माथी पडतो.