म्हैस गाभण आहे, की नुसती वाटतेय?

कोजागिरी झाली की म्हशींचा माजाचा खरा हंगाम सुरू होतो. कांडी भरून (म्हणजे रेतमात्रेने कृत्रिम रेतन करून) घ्यायला सगळे धावतात, तपासायला कुणी बोलावत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक मुऱ्हा जातीची म्हैस आठ महिने गाभण म्हणून सांभाळली. पोट सुटलेलं, अंगावर तुकतुकी, रोज दीड किलो सरकी पेंड जास्तीची. डॉक्टरांनी शेणाच्या वाटेने हात घालून तपासलं तर गर्भपिशवी रिकामी! सगळी चरबी. पेंडीचे पैसे गेलेच, वर एक अख्खा हंगाम गेला.

'पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे गाभण राहिली' हे गणित गाईत कधीमधी जमतं, म्हशीत हमखास फसतं. म्हशीचा माज मुका, म्हणजे लक्षणं फारशी न दाखवणारा, त्यातून दिसला तर रात्री नाहीतर पहाटे. माझा आपला अंदाज असा : संध्याकाळी पेंड अर्धी सोडली, पान्हा चोरला (दूध पुरतं सोडलं नाही), थेंबथेंब मुतायला लागली, की दुसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी घेऊन गोठ्यात जायचं. बसल्या जागी शेपटीखाली काचेसारखा सोट (माजाचा चिकट स्राव) दिसतो. उजाडल्यावर शेणात मिसळून जातो.

कांडी भरली त्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा. समजा 15 ऑक्टोबर. माज साधारण 21 दिवसांनी परत येतो, म्हणून 5 आणि 26 नोव्हेंबरच्या आगेमागे दोन-तीन दिवस पहाटेची फेरी चुकवू नका. उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तर 15 डिसेंबर ते 15 जानेवारी या महिन्यात, म्हणजे 60 ते 90 दिवसांत, डॉक्टरांकडून हात घालून तपासणी. सोनोग्राफीवर महिन्याभरातही कळतं, पण त्यासाठी अडून बसू नका. विण्याची तारीख अशी : गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे 24 जुलै. म्हैस दहा महिने दहा दिवस, म्हणजे 25 ऑगस्ट. पाचदहा दिवस इकडेतिकडे धरा.

आता या हंगामातला सगळ्यात मोठा धोका. दुकानातून 'माजावर आणायचं इंजेक्शन' आणून परस्पर टोचू नका. जनावर आधीच गाभण असेल तर त्यातल्या काही इंजेक्शनांनी गर्भ पडतो. काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात. अशा गाईला न तपासता पुन्हा कांडी भरली, तरी तेच. आधी हात, मग सुई. 'हमखास गाभण' पावडरीचे पैसे डॉक्टरांच्या फेरीला ठेवा.

बाकीची कामं :
– खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम
– सातव्या महिन्यापासून पशुखाद्य 1 ते 1.5 किलो जास्त
– विण्याआधी 60 दिवस आटवणे, म्हणजे दूध काढणं बंद करणे. सडात सोडायची ट्यूब डॉक्टरांना विचारून
– शेवटच्या दोन महिन्यांत घसरडी जागा, लांबची चाल बंद

आटवल्यावर दुकानदार कॅल्शियमचा कॅन गळ्यात मारतो. दुधाळ गाईला विण्याआधी भरमसाट कॅल्शियम पाजलं, तर हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणायची अंगाची सवय सुस्तावते आणि व्याल्यावर गाय दुग्धज्वराने (रक्तातलं कॅल्शियम घटून) बसते. आधी खनिज मिश्रण पुरे, कॅल्शियम व्यायच्या वेळी, डॉक्टर सांगतील तेवढंच.

तारीख भरत आली, म्हैस कळा देते, ऊठबस करते, पण पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसत नाही आणि दोन-तीन तासांत कळाच थांबल्या, तर 'अजून वेळ आहे' म्हणून झोपू नका. गर्भपिशवीला पीळ पडलेला असू शकतो. म्हशीत हे बरंच होतं. रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा आणि कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवा.