फाटे फुटू न देता केस वाढवायचे तर

पुण्यात धायरीला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची खोली, दोन मशिनी आणि एक उभा आरसा. ब्लाउज घालून बघायला आलेली बाई आधी त्या आरशात पाठीचा गळा बघते, मग तिची नजर माझ्या वेणीवर जाते आणि विचारते, “ताई, तेल कुठलं लावता हो?”

तेलाचं सांगते पुढे. पण केस तेलानं वाढले नाहीत माझे. केस सगळ्यांचेच वाढतात, महिन्याला साधारण अर्धा इंच, वर्षाला सहा. तरी निम्म्या बायकांची वेणी वर्षानुवर्षं खांद्याच्या खाली चार बोटं तिथल्या तिथेच, कारण वरून येतं तेवढंच खालून तुटून जातं. मुळाशी काय लावायचं हे सगळ्या विचारतात, शेंड्याचं कोणी विचारत नाही.

मलाही हे उशिराच कळलं. फेब्रुवारी २०२० मध्ये धाकट्या दिराचं लग्न होतं, तेव्हा हौसेनं केस सरळ करून घेतले. त्या रसायनानं केसाच्या आतले बंध तोडतात आणि सरळ करून पुन्हा जोडतात. माझे जोडले गेले ते अर्धवटच. चार महिन्यांत टोकं झाडूसारखी झाली. नंतर वर्षभर घरातच बसणं झालं, वरून नवे केस येत राहिले आणि खालचे तुटत राहिले. २०२१ च्या पाडव्याला पार्लरं बंद होती, तेव्हा मीच आरशासमोर बसले आणि खांद्यापर्यंत कापून टाकले. सरळ केलेला थोडा भाग तरी उरलाच, तो पुढच्या दोन वर्षांत चिमूट चिमूट कापत संपवला. आज टेप लावली तर टाळूपासून शेंड्यापर्यंत तीस इंच भरतात.

तीस इंच म्हणजे काय, याचा हिशोब करा. वर्षाला सहा, म्हणजे माझा शेंडा पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलाय. लॉकडाऊनमधला केस आहे तो! तेवढी वर्षं त्यानं ऊन, पाणी, कंगवा, उशी आणि स्कूटरवरचा वारा सोसलाय. बाहेर आलेला केस मेलेलाच असतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ते घासून झिजले की आतले तंतू उघडे पडतात आणि फाटे फुटतात. इंटरलॉक न केलेल्या कापडाच्या दशा निघतात ना, अगदी तसं. दशा निघालेल्या काठावर तेल ओतून काठ जुळतो का? मग फाटा फुटलेला केस बाटलीतल्या कशानं जुळेल? सिरम लावलं की दोन टोकं चिकटून बसतात, केस चमकतो, आणि धुतलं की पुन्हा होते तेच. सिरम वाईट नाही, मीही लावते. घर्षण कमी करतं, एवढंच त्याचं काम.

आधी तुमचे केस गळतायत की तुटतायत, ते बघा. विंचरून झाल्यावर गुंतवळ टाकून देऊ नका. लहानपणी आम्ही ती भिंतीतल्या कोनाड्यात जमवायचो, केसांवर फुगे-पिना देणारी बाई यायची तिच्यासाठी. आता ती पांढऱ्या अस्तराच्या तुकड्यावर मोकळी करा. लांब केस, आणि एका टोकाला पांढरा बारीक दाणा, तर तो मुळापासून गळलेला. असे रोज पन्नास ते शंभर गळतात, ते चालायचंच. फारच जास्त गळत असतील तर डॉक्टरांकडे जा, तिथे माझी कात्री चालणार नाही. पण बोटभर लांबीचे, दोन्ही टोकांना दाणा नसलेले तुकडे दिसले, तर ते तुटलेत. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

धुण्यापासून सुरुवात करू.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, एरवीही निम्मं पाणी बोअरचंच. जड पाणी. अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला की पांढरा चिकट मळ धरतो आणि केस पिळलेल्या सुतळीसारखे होतात. म्हणून साबण अजिबात नको. शॅम्पू वाटीभर पाण्यात मिसळून घ्या आणि फक्त टाळूला चोळा. खालच्या केसांना वेगळा लावायची गरज नाही, वरून उतरणारा फेस पुरतो. केसांचा गोळा करून डोक्यावर कपडे धुतल्यासारखं घासू नका. मी तर सैल वेणी घालूनच डोकं धुते, गुंता निम्मा कमी होतो. शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या नळाचे, त्यासाठी एक बादली बाजूला भरून ठेवते. ते पाणी नसेल तर तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते ओता, मग साधं पाणी. लिंबू पिळून उन्हात बसायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. लिंबू आणि ऊन मिळून केसाचा रंग उतरवतात आणि केस अजून कोरडा करतात.

शिकेकाई? चालेल की. पण बाजारातली भरड पूड केसात चोळली तर ती वाळूसारखी घासते. पाण्यात उकळा, गार करा आणि जुन्या मलमलमधून गाळून ते पाणीच वापरा. आमच्या सासूबाई न गाळता लावतात आणि मग अर्धा तास केसातून साल वेचत बसतात. सांगून झालंय.

कंडिशनरला आपल्याकडे अजून ‘चोचले’ म्हणतात. मी पाच रुपयांच्या पाकिटापासून सुरुवात केली. कानाच्या खाली लावायचा, टाळूला नाही. दोन-तीन मिनिटं बोटांनी विंचरायचं आणि धुवायचा. टाळूचं तेल तीस इंच खाली पोचत नाही हो, शेंड्याला वरून काहीतरी द्यावंच लागतं.

आता तेल. घाण्याचं खोबरेल, धुण्याच्या आदल्या रात्री किंवा निदान दोन तास आधी. माझी भाची फार्मसी शिकते. तिनं सांगितलं की २००३ साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तुलना केली होती, आणि केसातून प्रथिनं झिजून जाणं कमी झालं ते फक्त खोबरेलानं, कारण ते केसाच्या आत शिरतं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही तिनंच सांगितलं. असू देत. माझ्या आजीची काही कंपनी नव्हती, तरी ती हेच करायची. फक्त ती वाटीभर तेल डोक्यावर थापायची आणि टोकं कोरडीच राहायची. तुम्ही उलट करा: चमचाभर तेल तळहातावर घ्या, आधी शेवटचे सहा इंच, हाताला उरेल ते वर. पुण्याच्या थंडीत तेल गोठतं, बाटली गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको. एरंडेल मला जमलं नाही. एवढं चिकट की धुताना दुप्पट शॅम्पू लागला, म्हणजे केलेलं गेलं.

ओला केस हा सगळ्यात कच्चा. ओला असताना ताणला जातो, रबरासारखा, आणि एका मर्यादेनंतर तुटतो. आणि आपण नेमकं तेव्हाच काय करतो? आजी अंगणात वाकून, केस पुढे घेऊन, पंच्याचा पीळ करून टाक टाक झटकायची. पाणी उडायचं, बघायला मजा यायची. त्या प्रत्येक फटक्याबरोबर शेंड्याचे किती तुकडे उडत होते कोण जाणे. झटकू नका, टॉवेलनं रगडू नका. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्या, केस त्यात गुंडाळा, दाबा आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. मग मोकळे सोडून वाळू द्या, बरेचसे वाळले की मोठ्या दातांचा कंगवा. कुरळे असतील तर कंडिशनर लावलेला असतानाच विंचरून घ्यावेत, वाळल्यावर नाही. आणि कंगवा खालून वर: आधी शेवटची वीत सोडवायची, मग तिच्या वरची. वरून एकदम ओढलं की सगळा गुंता खाली जाऊन गाठ बसते, मग आपण वैतागून खेचतो, आणि तो कडकन आवाज येतो. तो आवाज ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

ड्रायर मी लग्नकार्यालाच वापरते, गार हवेवर. केस ओले असताना सरळ करायचं गरम यंत्र लावलं तर केसातलं पाणी आतच उकळतं आणि केसाला आतून पोकळ फोड येतात. हे कळल्यावर माझ्या भाचीनं तिचं यंत्र मैत्रिणीला देऊन टाकलं. मैत्रिणीला सांगितलं की नाही, विचारलं नाही मी.

बांधायचं कसं, हे माझ्या धंद्याशी जास्त जवळचं. पिवळं पातळ रबर लावू नका, ते काढताना दोन केस घेऊनच निघतं. लोखंडी जोड असलेलं तर त्याहून वाईट. अस्तराच्या कपड्यांतून उरलेल्या सॅटिनची पट्टी घ्या, वीस इंच लांब आणि चार इंच रुंद. सुलट बाजू आत ठेवून लांब कडा शिवा, उलटवा, आत सात इंचाचं इलॅस्टिक घाला, टोकांना गाठ मारा आणि उघडी बाजू हातशिलाईनं बंद करा. पाच मिनिटांत बो तयार. दुकानातून घेतलेल्या बोचं इलॅस्टिक फार घट्ट असतं, आपल्या हातचं सैल ठेवता येतं. वेणी रोज एकाच जागी बांधू नका. मी शेंड्याला जेमतेम दोन इंच मोकळे सोडते. बायका वीतभर मोकळे सोडतात, दिसतं छान, पण तेच केस दिवसभर पाठीवर घासतात.

पुण्यात स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळायची रीत आहेच, तिचा फायदा घ्या. चेहरा झाकता आणि वेणी मागे हवेत फडफडते, हे काही बरोबर नाही. धायरी फाट्यापासून स्वारगेटपर्यंत वेणी मोकळी सोडली तर उतरल्यावर टोकांचं घरटं झालेलं असतं. वेणीचा सैल अंबाडा मानेवर, त्यावर स्कार्फ, मग हेल्मेट. माझ्यासारखं मशिनीवर बसणाऱ्यांनी वेणी पुढे घेऊ नये. एकदा माझा शेंडा मशिनीच्या चाकात गेला होता, अर्धा इंच गेला आणि जीवही घाबरला. तेव्हापासून कामाला अंबाडाच.

रात्री सैल वेणी आणि उशीला रेशमी किंवा सॅटिनचा अभ्रा. आईच्या विटलेल्या रेशमी साडीचा मी केलाय. जरीचा काठ मात्र कापून टाका, जरीचे धागे केसाला ओढतात.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही. डाळ, कडधान्यं, अंडी खात असाल तर खा. त्यानं नवा केस चांगला येईल, पाच वर्षांपूर्वीचा शेंडा काही सुधारणार नाही.

आता कात्री. कापल्यानं केस वाढतात हे खोटं, पण न कापता ते टिकत नाहीत हेही खरं. फाटा फुटला की तो तिथे थांबत नाही, वर सरकतो, आणि शेवटी केस इंच-दोन इंच वरून तुटतो. पार्लरमध्ये ‘फक्त टोकं’ सांगून चार इंच गमावलेली बाई मी एकटीच नसेन. त्यांचा इंच आणि माझ्या टेपचा इंच वेगळा असावा. म्हणून मी घरीच कापते, तीन महिन्यांनी पाव इंच. वर्षाला एक इंच जातो, पाच हातात राहतात.

कात्री धारदार हवी आणि केसांसाठी वेगळी हवी. कापडाची कात्री कागदाला लावली तर मी घरात रडारड करते. केसांची कात्री कापडालाही लावू नका. बोथट पात्यानं केस कापला जात नाही, चेचला जातो, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच फाटा सुरू होतो. स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशवीची कात्री तर अजिबात नको.

मधल्या काळात महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, मी मशिनीचा दिवा लावते आणि मांडीवर पांढरं अस्तर पसरते. केस कोरडे आणि विंचरलेले हवेत. पेन्सिलीएवढी एक बट घेऊन तिला पीळ देते. पिळातून खाली-वर जी टोकं काट्यांसारखी बाहेर येतात ती नीट बघते. दोन तोंडं दिसली की फाट्याच्या वर पाव इंच, सरळ आडवं, एक घाव. कधी टोकाच्या जरा वर पांढरा ठिपका दिसतो, तिथे केस चिरडून तंतू मोकळे झालेले असतात, आज ना उद्या तिथे तुटणारच, तो ठिपक्याच्या वरून कापायचा. चांगल्या टोकाला हात लावायचा नाही. आणि फाटा बोटांनी ओढून बघायचा नाही! तो मोह फार वाईट. दोन तोंडं ओढली की केस सोललेल्या शेंगेसारखा पार वरपर्यंत उकलत जातो.

अर्धा तास झाला की उठा. त्यानंतर डोळे थकतात आणि चांगला केसही फुटलेला दिसायला लागतो. गेल्या रविवारी भाची आली होती, तिच्या उजव्या बाजूचे तेवढे झाले. डावी बाजू पुढच्या रविवारी, येताना तिची कात्री घेऊन ये म्हटलंय.