घडीचा चाकू गोव्याच्या हवेत कसा टिकवावा

सावई-वेऱ्यातलं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, सांभाळताना कोयता आकडीला असतोच. पण केळीचं पान उतरवायचं, मिरीच्या वेलीची जुनी बांधणी सोडवायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, तर कोयत्याचं काम नव्हे. शेजारचा कोवळा कोंब हमखास जातो. या कामांना खिशातला घडीचा चाकूच हवा, आणि तो बाराही महिने चालता ठेवायचा तर आपल्या दमट हवेचा विचार विकत घेतानाच करायला हवा.

पातं सात ते साडेआठ सेंटिमीटरचं पुरे. यापेक्षा लांब पातं खिशात अवजड होतं आणि बारीक कामाला आडवं येतं. घेण्याआधी उघडून पातं दोन बोटांत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. खिळ्यापाशी, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तिथे, खडखडलं तर परत ठेवा, कितीही चकाकत असलं तरी. मग लॉक बघा, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी सोय. व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या लाल चाकूत मोठं पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं असतं, लॉक नसतो. कापायला तो उत्तम, पण त्याचं टोक कशात खुपसून जोर लावू नका, पातं उलटं मिटून बोटांवर येतं. माझा रोजचा चाकू फ्रान्सचा ओपिनेल, आठ नंबरचा, पातं साडेआठ सेंटिमीटर. त्याच्या गळ्याशी फिरणारी कडी असते, १९५५ पासूनची सोय. ती फिरवली की पातं उघडं असताना मिटत नाही. कडी फिरवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

ओपिनेलची मूठ मात्र लाकडाची. मिरगाचा पाऊस धरला की लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. नखाने ओढत बसू नका, नख तुटेल. कडी मोकळी आहे ना ते बघून मुठीचं मागचं टोक लाकडी फळीवर हलकेच आपटा. पातं खाचेतून थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडता येतं. पावसाळ्याआधी, वैशाखात लाकूड खडखडीत वाळलेलं असताना, खाचेत आणि खिळ्याभोवती जवसाचं तेल मुरवून दोन-तीन दिवस सावलीत ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

पोलाद कुठलं घ्यावं? कार्बनच्या पात्याला धार चटकन लागते, म्हणून मला तेच आवडतं. पण कोकमासाठी भिरंड फोडणार, लिंबू किंवा कैरी कापणार असाल तर आंबटाने ते बघता बघता काळं पडतं. काळेपणाची काळजी नको, तो पृष्ठभागावरचा थर आहे आणि पुढच्या गंजाला थोडा आवरही घालतो. तांबूस ठिपका दिसला तर तो गंज. तेल लावून बारीक स्टीलवूलने त्याच दिवशी घासा. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावं, आणि तेसुद्धा खाऱ्या पाण्याचा हात लागला की गोड्या पाण्याने धुवावं. मीठ स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतं.

आता साफसफाई, कारण सगळं इथेच अडतं. गंज दिसतो पात्यावर, पण चाकू निकामी होतो खिळ्यापाशी. मिटलेल्या चाकूच्या खाचेत डोकावून पाहा: खिशाचा कापूस, केळीचा वाळलेला डीक, माती, सगळं मिळून एक काळपट गोळा झालेला असतो आणि तो ओल धरून ठेवतो. मी माडाचा हीर, म्हणजे झावळीच्या पात्यामधली काडी, घेते, टोक तिरकं छाटते आणि खाचेच्या तळापासून तो गोळा उपसून काढते. हीर लवचिक असल्यामुळे कोपऱ्यात वळतो आणि लाकडाला ओरखडा पडत नाही. फणसाचा चीक पाण्याने जात नाही. आधी खोबरेल चोळा, चीक सुटला की मग साबण. धुतलेला चाकू उघडाच ठेवून वाळवा, ओला कधीच मिटू नका. खिळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. तिथे खोबरेल नको. ते पौषातल्या पहाटे थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. पात्याने फळं कापत असाल तर पात्यावर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन पुसून घ्या, ते पोटात गेलं तरी बाधत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला चाकू त्यापेक्षा कितीतरी लहान. तरी जत्रेच्या गर्दीत, मतदान केंद्रावर, कोर्टात तो नेऊ नका, आणि बटण दाबताच उडून उघडणारा चाकू घेऊच नका. दाबोळी असो वा मोपा, विमानतळावर तो चेक-इनच्या बॅगेत जायला हवा, हातातल्या बॅगेत नाही.

धारेसाठी हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक खरखरीत, एक मऊ. पाणी लावून सुरुवात केलीत तर पुढेही पाणीच लावा. पातं दगडाशी साधारण वीस अंशात धरायचं. अंदाज येत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, जवळपास तेवढाच कोन मिळतो. मुठीपासून टोकापर्यंत एकाच कोनात ओढत राहा. दुसऱ्या अंगाला बोट धारेच्या आडवं, बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवलं की बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर लागेपर्यंत बाजू बदलू नका, हाच सगळ्यात महत्त्वाचा नियम. दुसरी बाजूही तशीच करा, मग मऊ दगड, आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर धार मागे ठेवून ओढा. अंगठा लावून धार तपासू नका. कालच्या वर्तमानपत्राचं पान उभं धरून वरून कापत आणा. जिथे कागद फाटतो, तिथला भाग अजून बोथट आहे. तेवढाच पुन्हा दगडावर घ्या.