वेचणीच्या हंगामात रेकीचे सत्र कसे द्यावे

दिवाळीच्या आसपास पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटू लागली की कमरेला कापूस वेचून टाकायची ओटी बांधून दिवसभर वाकणाऱ्या बायांची पाठ संध्याकाळपर्यंत लाकडासारखी आखडून जाते, आणि बोंडअळी, भाव, सोसायटीचे कर्ज यांची काळजी रात्रीची झोपही लागू देत नाही. अशा वेळी घरच्या किंवा शेजारच्या माणसाला रेकीचे, म्हणजे अंगावर नुसते तळहात टेकवण्याच्या जपानी पद्धतीचे, सत्र द्यावयाचे असेल, तर ते कसे द्यावे आणि कोठे थांबावे, हे येथे मांडले आहे.

रेकीची सुरुवात मिकाओ उसुई यांनी 1922 मध्ये जपानमध्ये केली आणि हवायो टाकाटा यांनी ती हवाईमार्गे पाश्चात्त्य देशांत नेली. तळहातांतून विश्वाची प्राणशक्ती समोरच्याच्या शरीरात जाते, अशी तिची धारणा आहे. मात्र अशी शक्ती आजवर कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही. शरीराभोवतीची ऊर्जा हातांना जाणवते असे मानणाऱ्या अशाच एका पद्धतीच्या 21 उपचारकांची परीक्षा अमेरिकेतील एका शाळकरी मुलीने घेतली होती. पडद्याआड तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच त्यांना ओळखायचे होते, आणि 280 प्रयत्नांपैकी जेमतेम 44 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी जुळली असती. तो निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही मी सत्रे देते, कारण दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईला तासभर कोणी स्वस्थ पडू देते आणि मायेने हात ठेवते, त्याने तिचा श्वास संथ होतो व आखडलेले स्नायू सैलावतात, हे मी पाहिले आहे. माझा दावा तेवढाच आहे.

हात ठेवण्याआधी विचारपूस करावी, आणि या कामात घाई करू नये. दुखणे कधीपासून आहे, पडझड झाली होती का, ताप आहे का, वजन उतरले आहे का, हे विचारावे. पायात बधिरपणा येत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर सत्र न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. छातीत दाटून डावा हात दुखणे, एकाएकी तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांसाठी 108 ला फोन लावावा. आपल्या भागात आणखी एक प्रश्न कधीही चुकवू नये: आज किंवा काल पिकावर फवारणी केली होती का? फवारणीनंतर डोके दुखणे, मळमळ, लाळ सुटणे, नजर अंधुक होणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अशा माणसाला बाजेवर निजवून हात ठेवत बसणे म्हणजे उपचाराचा वेळ गमावणे होय.

जागेसाठी वेगळी खोली लागत नाही. माजघरात सतरंजीवर वाकळ अंथरली तरी पुरे. सैल विणीच्या बाजेवर मात्र कंबर खाली जाते, म्हणून ती टाळावी. उन्हाळ्यात कूलर बंद करू नये, कारण त्याच्या घरघरीपेक्षा उकाड्याचा त्रास अधिक होतो. फोन बाहेर ठेवावा. कपडे अंगावरच असतात. तेल लावणे किंवा रगडणे हा रेकीचा भाग नाही. स्पर्श चालेल का, हे आधी स्पष्ट विचारावे, आणि नको असल्यास हात चार बोटे वर धरावा. परपुरुष किंवा परस्त्री असल्यास घरातील कोणीतरी जवळ बसलेले बरे.

उताणे निजवून गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी द्यावी. नंतर डोळे, कानशिले, डोक्याची मागची बाजू, गळ्याच्या बाजू, छातीचा वरचा भाग, पोट, गुडघे आणि पावले या क्रमाने, प्रत्येक ठिकाणी तीन ते पाच मिनिटे, तळहात नुसता टेकवून ठेवावा. गळ्यावर दाब मुळीच पडू नये. पुढे कुशीवर किंवा पालथे करून खांदे व कंबर घ्यावी. एकूण सत्र पाऊण ते एक तासाचे होते. मध्ये बोलू नये, आपला श्वास मात्र संथ ठेवावा, कारण समोरचा नकळत त्याच लयीत येतो. गेल्या वेचणीत शेजारच्या एका मावशींच्या हातांकडे माझे लक्ष गेले होते: बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटल्या होत्या आणि मुठी पोटावर घट्ट आवळलेल्या होत्या. मी पोटावर हात नेला, तोवर त्या मुठी आपोआप उघडल्या होत्या आणि मावशी घोरू लागल्या होत्या. उठल्यावर म्हणाल्या, “हात कवा उचलला, समजलंच नाई व माय.”

सत्र झाल्यावर एकदम उठवू नये. आधी कुशीवर वळवावे, मग बसवावे आणि पाणी द्यावे. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालूच ठेवायला सांगाव्यात. एका उपचारकाने माझ्या नात्यातल्या बाईला गोळ्या सोडायला लावल्या होत्या, आणि महिन्याभरात तिला दवाखान्यात भरती करावे लागले. बोलताबोलता कोणी “जगून काय करायचं” असे म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नये: माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक त्याच्या हाती लागणार नाही असे हलवावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोलणे करून द्यावे. ही सेवा मोफत असून रात्रंदिवस चालते.

जवळ एक वही ठेवावी आणि दुखणे शून्य ते दहापैकी किती, हे सत्राआधी, सत्रानंतर व दुसऱ्या दिवशी सकाळी विचारून लिहावे. सत्रानंतर लगेच आकडा बहुधा उतरतो. खरा आकडा सकाळचा, कारण तेव्हा पुन्हा ओटी बांधायची असते. तीन सत्रांनंतरही सकाळचा आकडा हलला नाही, तर चौथे सत्र देऊ नये. वहीचे ते पान सोबत देऊन त्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.